घर पाहावें विकून

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. हीं दोन कृत्यें पार पाडल्यावांचून मनुष्यास संसाराचा खरा अनुभव येत नाहीं, असा तिचा आशय. ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर एकदां बांधावें आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांत नांदावें, हें गृहीतच होतें. घर विकणें हा संसारांतला एक प्रसंग नव्हता, संसार मोडल्याची ती खूण होती; आणि म्हणूनच त्याविषयीं म्हण झाली नसावी. आज मध्यम वर्गांतला मनुष्यहि आयुष्यांत दोन-तीन घरें घेतो आणि एखादें तरी विकतो. अशा मनुष्यानें पडत्या बाजारांत शहरांतलें घर विकून पाहिलें असेल, तर या तिसऱ्या परीक्षेपुढें पहिल्या दोन सोप्या होत्या, अशी कबुली तो निश्चित देईल.

हा विषय मनांत घोळूं लागण्यास एक निमित्त घडलें. शेगांव येथील माझे एक स्नेही शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं २०१३ सालीं वडिलोपार्जित शेतापैकीं चार एकर कापसाची जमीन विकली, वर बँकेचें कर्ज काढलें आणि पुण्यास मुलासाठीं सदनिका घेतली. पुढें मुलाची नोकरी दूरच्या प्रांतांत गेली. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर घरांचा बाजार मंदावला. हप्ता मात्र मंदावला नाहीं. २०१८ सालीं त्यांनीं घर विकावयास काढलें, तेव्हां खरेदीच्या किंमतीसहि गिऱ्हाईक मिळेना. एके संध्याकाळीं ते मजकडे आले आणि म्हणाले, “सर, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. असे दिवस पूर्वीं आले असतीलच. तेव्हां ज्यांनीं घरें विकलीं ते शहाणे ठरले, कीं ज्यांनीं धरून ठेवलीं ते?”

प्रश्न सरळ होता. परंतु त्याचें उत्तर मजपाशीं नव्हतें. इतिहासाचा अध्यापक राज्यांच्या उदयास्तावर तासभर बोलूं शकतो, पण घराच्या किंमतीच्या उदयास्तावर त्यास दोन वाक्यें बोलतां येत नाहींत, याची मला त्या दिवशीं लाज वाटली. पुढील विवेचन हें त्या लाजेचें फळ आहे.

शेगांवच्या मनुष्यानें हा प्रश्न विचारावा, यांत एक प्रकारचें औचित्यहि आहे. कारण, अर्वाचीन काळांत मुंबईनगरींत जागांच्या किंमतींचा जो पहिला मोठा उन्माद झाला, त्यास पैसा पुरविला तो कापसानें. आणि वऱ्हाड हा त्या कापसाच्या प्रांतांपैकीं एक प्रमुख प्रांत. वऱ्हाडचा कापूस पूर्वीं लमाणांच्या बैलांवर लादून मिर्झापुराकडे गंगाकांठीं जात असे. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीनें तो सरळ मुंबईस नेण्याचा उपक्रम केला. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत दिला आणि योगायोगानें त्याच वर्षीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली. ती लोहमार्गाची रेषा घाट चढून, खानदेश ओलांडून, वऱ्हाड कापीत १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. शेगांव या मुख्य रेषेवर आलें. शेजारचें खामगांव बाजूस राहिलें. म्हणून तेथील प्रचंड कापूसबाजारासाठीं जलंबहून निराळा फांटा काढावा लागला व १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें तो सुरू झाला. शेगांवांत सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, १८८१ सालीं नगरपालिका झाली, आणि १९०१ च्या खानेसुमारींत गांवाची वस्ती पंधरा हजारांवर गेली. हें गांव त्या वेळीं अकोला जिल्ह्यांत होतें. १९०५ मध्यें खामगांव तालुक्याबरोबर तें बुलढाण्यांत आलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कापसाच्या सोन्याचा पाऊस पडला तो १८६१ ते १८६५ या चार वर्षांत. आगगाडी वऱ्हाडभर फिरूं लागली तोंवर पाऊस थांबला होता. ज्या प्रांतानें माल पिकविला, त्याच्या हातीं वाहतुकीची सोय आली ती तेजी गेल्यावर. आणि मधल्या काळांत नफ्याचा मोठा वांटा मुंबईस साचला. तो तेथें कसा साचला आणि कसा आटला, हें पाहिल्यावांचून घरांच्या बाजाराचा स्वभाव उमगत नाहीं.

एप्रिल १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांस उत्तरेच्या आरमारानें वेढा घातला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मुख्य झरा बंद पडला. लिव्हरपुलास कापसाचा भाव तीन वर्षांत चौपटीवर गेला. मागणी सुरतेच्या, भडोचच्या, खानदेशच्या व वऱ्हाडच्या मालाकडे वळली. नेहमींच्या किंमतीहून अधिक म्हणून या काळांत मुंबईस जो पैका मिळाला, त्याचा अंदाज इतिहासकारांनीं सुमारें आठ कोटी पौंड असा केला आहे.

एवढा पैका ठेवावयाचा कोठें? मुंबईंत त्या वेळीं मोठाल्या गिरण्या थोड्या होत्या, उद्योगधंदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. माणसें मात्र लोटत होतीं. १८६४ च्या गणनेंत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. बेट लहान, चहूंकडे समुद्र, आणि दररोज नवा मनुष्य येऊन जागा मागत आहे, हें दृश्य डोळ्यांसमोर असतां जमिनीइतकी निर्भय वस्तु दुसरी नाहीं, असें कोणास वाटणार नाहीं? याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनीं किल्ल्याचे तट पाडून शहरास मोकळा श्वास दिला. आज ज्यास हॉर्निमन सर्कल म्हणतात, त्या जागेचें मैदान नगरसंस्थेनें आधीं घेतलें, त्याचे भूखंड पाडले आणि चांगल्या नफ्यानें विकले. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं, म्हणजे अगदीं या भरतीच्या काळांत प्रसिद्ध झालें. वाढत्या शहराचें तें चित्र रंगवितांना दोन वर्षांनीं काय वाढून ठेवलें आहे, याची कल्पना लेखकास येणें शक्य नव्हतें.

आरंभीं लोकांनीं जमीन घेतली ती घरें बांधण्यासाठीं. पुढें जमीन अपुरी पडली म्हणून समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. त्यानंतर जमीन करण्याचीहि गरज उरली नाहीं. कंपनीचा कागद हातांत असला म्हणजे पुरे, असें झालें. जानेवारी १८६५ मध्यें मुंबईंत ३१ बँका, १६ वित्तसंस्था व ८ जमीन-कंपन्या उभ्या होत्या. त्यांत बॅक बे कंपनी सर्वांत प्रख्यात. तिच्या पांच हजार रुपये भरलेल्या भागावर पन्नास हजारांच्या घरांत वाढावा मिळूं लागला. आणि कंपनीनें समुद्रांत टाकलेली माती अजून भरती-ओहोटीबरोबर हलत होती. बँका या भागांच्या तारणावर कर्ज देत. त्या कर्जांतून लोक अधिक भाग घेत. मागणी वाढली म्हणून भाव चढत. आणि भाव चढले म्हणून बँका अधिक कर्ज देत. दोन मद्यपी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात, तेव्हां दोघेहि उभे दिसतात. त्यांतला एक ठेंचाळला म्हणजे दुसरा कशावर उभा होता तें कळतें.

९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली यानें शस्त्र खालीं ठेवलें. अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत येणार, ही वार्ता मुंबईस पोंचतांच कापसाचे भाव कोसळले. पुढील वायद्यांचा हिशेब चुकविण्याचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशीं ज्यानें त्यानें आपल्या ऋणकोकडे पाहिलें आणि प्रत्येकास रिकामे हात दिसले. बॅक बेचा भाग दोन हजारांच्या खालीं आला. बँक ऑफ बाँबेचा जो भाग २८५० रुपयांस गेला होता, तो ८७ रुपयांस विकला जाऊं लागला, आणि ती बँक १८६८ सालीं मोडीत निघाली. हा सारा व्यवहार ज्यांच्या इशाऱ्यावर चाले, ते प्रेमचंद रायचंद बुडाले. परंतु तत्पूर्वीं त्यांनीं विश्वविद्यालयास दिलेल्या देणगींतून राजाबाई मनोरा उभा राहिला व १८७८ मध्यें पुरा झाला. आपल्या मराठी मंडळींपैकीं डॉ. भाऊ दाजी लाड यांचें उदाहरण मनास चटका लावणारें आहे. धन्वंतरि म्हणून अपार लौकिक, पुराणवस्तुसंशोधनांत युरोपीय पंडितांची मान्यता, आणि स्वतःच्या कष्टानें मिळविलेली संपत्ति. ती या लाटेंत वाहून गेली. १८७४ मध्यें ते वारले. भायखळ्याचें जें वस्तुसंग्रहालय उभारण्यासाठीं ते झटले, त्यास आज त्यांचें नांव आहे. विद्वत्ता हें सट्ट्यापासून संरक्षण नव्हे, हें सांगण्यास यापेक्षां मोठा दाखला नको.

आतां घरांकडे वळूं. कागद आणि घर यांची पडझड एकाच कारणानें होत असली, तरी तिची रीत भिन्न असते. कागदाचा भाव दुपारीं पडतो आणि संध्याकाळीं सर्वांस कळतो. घराचा भाव पडत नाहीं. प्रथम गिऱ्हाईक नाहींसें होतें. मालक जुनीच किंमत सांगत राहतो, दलाल मान डोलावीत राहतो, आणि महिनोन्‌महिने सौदाच होत नसल्यानें खरी किंमत काय, हें कोणासच ठाऊक नसतें. शेजाऱ्यानें तेजींत अमुक हजारांस घर विकलें, तो आंकडा मालकाच्या मनांत खिळ्यासारखा रुतून बसतो. त्याहून कमी घेणें म्हणजे पदरचें देणें, असें त्यास वाटतें. वास्तविक ती किंमत त्याची कधींच झालेली नसते. ती शेजाऱ्याची झाली, कारण त्यानें विकलें. मग कोणा तरी कर्जबुडव्याचें घर लिलांवांत निघतें. तेथें बोली लागते तिला मालकाच्या आठवणींशीं कर्तव्य नसतें; आणि त्या एका हातोड्यानें साऱ्या आळीची किंमत ठरून जाते. घरांचा बाजार पडतो तो असा: सर्वांच्या इच्छेनें नव्हे, ज्यांना थांबतां येत नाहीं अशा थोड्यांच्या नाइलाजानें.

१८६५ नंतर मुंबईंत हें घडावयास दुसरें कारण मिळालें. पैका गेला तशीं माणसेंहि गेलीं. १८७२ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ६,४४,४०५ उरली होती. म्हणजे आठ वर्षांत पावणेदोन लक्षांची घट. जीं माणसें येत राहणार या गृहीतावर घरांच्या व भरावांच्या योजना आंखल्या, तीं माणसें परत गेलीं. अशा वेळीं जो पूर्वीच्या भावाची वाट पाहत बसला, तो ज्या भावाची वाट पाहत होता तो भावच खरा नव्हता, हें त्यास फार उशिरां कळलें. जमीन मात्र कोठें गेली नाहीं. बॅक बेच्या भरावाची पट्टी सरकारकडे आली व तिजवरून कुलाब्याकडे आगगाडी गेली. एल्फिन्स्टन कंपनीची गोदीलगतची मालमत्ता सरकारनें विकत घेतली, आणि तिच्या पायावर १८७३ सालीं पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. म्हणजे भराव उपयोगी ठरला, घरें उपयोगी ठरलीं. मात्र ज्यांनीं तीं उभारलीं त्यांच्या उपयोगीं पडलीं नाहींत. ‘जमीन कोठें जात नाहीं’ असें आपण म्हणतों, तें खरें आहे. मालक जातो, एवढेंच त्यांत सांगावयाचें राहून जातें.

खेड्यांतहि याच नाटकाचा दुसरा अंक झाला. तेजीच्या दिवसांत सावकारांनीं शेतकऱ्यांस सढळ हातानें कर्जें दिलीं होतीं. मंदींत तारण राहिलें तें शेत. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें लोकांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून खतपत्रें जाळलीं, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. १८७९ चा शेतकरी-संरक्षणाचा कायदा हें त्याचें फळ. मुंबईचा शेठ घर विकून देणें फेडूं शकत होता. सुप्याच्या कुणब्यास शेत विकल्यावर फेडण्यास कांहीं उरत नव्हतें आणि पेरण्यासहि नव्हतें.

एवढ्यावरून ‘बाजार पडूं लागला कीं विकून मोकळें व्हावें’ असा सिद्धांत कोणी काढील, तर त्यास मुंबईचाच पुढला इतिहास आडवा येतो. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत प्लेगाचा रोगी आढळला. पुढल्या फेब्रुवारीपर्यंत शहरांतील लाखों लोक पळाले. चाळी ओस पडल्या, दारांवर कुलपें आणि भिंतींवर आरोग्यखात्याच्या खुणा. भाडें देणारा नाहीं तेथें घर घेणारा कोठून असणार? १८९१ सालीं ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्यें ७,७६,००६ वर आली. तथापि, या वेळीं गिरण्या जागच्या जागीं होत्या, गोद्या होत्या, आगगाड्या होत्या. लोक गेले ते भीतीनें गेले; पोटासाठीं त्यांना परत येणें भाग होतें. १९११ मध्यें तीच वस्ती ९,७९,४४५ झाली. मधल्या काळांत, १८९८ सालीं स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टानें दादर-माटुंग्याकडे नवीं नगरें आंखलीं. ज्यानें १८९७ मध्यें भिऊन घर फुंकून टाकलें, त्यानें पंधरा वर्षांनीं त्या आळींतून जातांना मान खालीं घातली असेल.

तिसरें उदाहरण या शतकापूर्वीच्या शतकांतलें, आणि त्याचा धागा पुन्हां वऱ्हाडच्या कापसाशीं जुळतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईंत घरांची टंचाई इतकी झाली कीं, १९१८ मध्यें भाडी गोठविण्याचा कायदा करावा लागला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं विकास-खातें काढलें. पन्नास हजार खोल्यांच्या चाळी बांधावयाच्या आणि पुन्हां एकदां तोच बॅक बे भरून काढावयाचा, असा संकल्प होता. खर्चाच्या तोंडमिळवणीसाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया पट्टी बसविण्यांत आली. त्या गांठींत शेगांवच्या व खामगांवच्या प्रेसमधून निघालेल्या गांठीहि होत्याच. तेव्हां मुंबईच्या घरांसाठीं आमच्या वऱ्हाडानें दुसऱ्यांदा पैका पुरविला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तेजी सरली, भरावाचें काम रुतलें, खर्च अंदाजाबाहेर गेला. खुर्शेद नरिमन यांनीं त्यांतला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर एका इंग्रज अधिकाऱ्यानें बदनामीचा खटला भरला आणि त्यांत नरिमन निर्दोष सुटले. भरावाचा बेत निम्म्याहून अधिक सोडून देण्यांत आला. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें चाळी उभ्या राहिल्या, पण पुढें कित्येक वर्षें त्यांतल्या पुष्कळ खोल्यांना भाडेकरू मिळाले नाहींत. तथापि, दहा-पंधरा वर्षांनंतर त्याच उपहासपात्र भरावावर मरीन ड्राइव्हच्या इमारतींची रांग उभी राहिली, आणि त्या ओस चाळींतून पुढें खोलीस खोली लागून संसार थाटले. सरकारी तिजोरीला वाट पाहतां आली. कारण तिचा तोटा सर्वांनीं मिळून सोसला. खासगी मालकाच्या तोट्याला असे वांटेकरी नसतात.

या तीन प्रसंगांचा ताळा घातला असतां मला एक भेद दिसूं लागला. १८६५ मध्यें हललें तें किंमतीचें अधिष्ठान. घरांची गरज जेवढी होती तिच्या कित्येक पटींनीं किंमत उभी राहिली होती, ती आपल्या जागीं आली. १८९७ मध्यें हललें तें माणसांचें धैर्य. गरज कायम होती, ती काळजीनें दडली होती. बाहेरून पाहतां दोन्ही वेळीं एकच चित्र दिसतें: दलाल स्वस्थ बसलेला, घरावर ‘विकणें आहे’ अशी पाटी आणि गिऱ्हाईक बेपत्ता. परंतु पहिल्या प्रकारांत थांबणें हें मृगजळामागें धांवणें होय, आणि दुसऱ्यांत विकणें म्हणजे तापांत असतां दागिने गहाण टाकणें होय. हा भेद ओळखावयाचा कसा? माझ्या मतें त्याची एक साधी कसोटी आहे, ती भाड्याची. घर घेणारा आशेवर पैसे देतो. भाडेकरू गरजेपुरते देतो. किंमत भाड्याला सोडून आकाशांत गेली असेल, तर तो वाढावा आशेचा आहे आणि आशा एका रात्रींत मावळूं शकते. मात्र ही कसोटी सर्व काळीं लागू पडत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत, जपानच्या भीतीनें १९४२ च्या आरंभीं लोक मुंबई सोडून गांवोगांव गेले व थोड्याच काळांत परतले. त्यानंतर १९४७ च्या कायद्यानें भाडी १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं. मग जुन्या घराचें भाडें हा गरजेचा आरसा राहिला नाहीं, पागडी हा त्याचा खरा भाव झाला, आणि तो कोणत्याच दप्तरांत लिहिला जात नव्हता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. तिन्ही प्रसंगीं कोण तरला आणि कोण बुडाला, हें बाजाराच्या ज्ञानावर ठरलेलें दिसत नाहीं. तें ऋणावर ठरलें. ज्याच्या घरावर कर्ज नव्हतें, त्यास भावाचा चढउतार ही केवळ ऐकण्याची गोष्ट होती. तो त्याच माडींत जेवला आणि निजला. ज्याच्या घरावर कर्ज होतें, त्यास विकण्याचा दिवस स्वतः निवडतां आला नाहीं. तो सावकारानें किंवा न्यायालयानें निवडला. २००८ सालीं अमेरिकेंत घरांचा बाजार कोसळून जगभर हाहाकार झाला, तेव्हांहि दुसरें कांहीं घडलें नाहीं. घर तेंच, भिंती त्याच. कर्जाचा कागद तेवढा बदलला होता.

शेगांवाचाच इतिहास घेतला, तर या साऱ्या तर्कालाहि एक मर्यादा असल्याचें दिसून येतें. २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं श्रीगजाननमहाराज या गांवांत प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले. तेव्हां हें गांव सरकी, गांठी आणि अडत यांच्यावर जगत होतें. घराची किंमत तें कापूसबाजारापासून किती जवळ आहे यावर ठरे. महाराजांनीं ८ सप्टेंबर १९१० रोजीं समाधि घेतली. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत कापसाचे भाव निम्म्यावर आले. पुढें १९७२ मध्यें राज्यानें एकाधिकार कापूस-खरेदी सुरू केली आणि खासगी पेढ्यांची उलाढाल ओसरली. एका दृष्टीनें पाहतां गांवाच्या घरांचा आधारच गेला होता. पण तोंवर समाधीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंनीं दुसरा आधार निर्माण केला होता. आज येथें घराची किंमत मंदिरापासून किती पावलांवर तें आहे, यावर ठरते. या शतकांत मंदिरापर्यंतचे रस्ते रुंद करण्याचा आराखडा झाला, तेव्हां हीं पावलें मोजण्यास आणखी एक कारण मिळालें. कापसाच्या पडत्या काळांत ज्या अडत्यानें आपला वाडा मातीमोलानें विकला, त्याची गणना चुकली असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या हिशेबाच्या वहींत समाधीसाठीं रकाना नव्हता, आणि तो असणें शक्यहि नव्हतें.

माझ्या स्नेह्यांस मीं उत्तर दिलें तें अर्थात्‌ एवढ्या विस्तारानें नव्हे. पुण्याच्या त्या घराचें भाडें किती येईल, तें मीं विचारलें. तें हप्त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकें होतें. निवृत्तीस किती वर्षें उरलीं, तें विचारलें. तीन. तेव्हां मीं म्हटलें, “तुमच्या घराची गोष्ट १८९७ ची नसून १८६५ ची आहे असें मला वाटतें, आणि ती नसली तरी तुम्हांला पंधरा वर्षें थांबतां येणार नाहीं. विका.” त्यांनीं त्या वर्षाच्या अखेरीस तोटा सोसून घर विकलें आणि बँकेचें देणें फेडलें.

२०२१ नंतर पुण्यांतले भाव पुन्हां चढले. ते थांबले असते, तर घेतलेल्या किंमतीहून अधिक पैसे त्यांच्या हातीं पडले असते. आणि तोंवर भरलेले हप्ते वजा जातां त्यांतलें किती उरलें असतें, याचा हिशेब मीं एकदां कागदावर मांडून पाहिला. तो फारसा माझ्या विरुद्ध गेला नाहीं. पण अगदीं माझ्या बाजूनेंहि पडला नाहीं. तो कागद मीं त्यांस दाखविला नाहीं. त्यांनींहि या विषयाचा पुन्हां उच्चार केला नाहीं.

मागच्या पौषांत मी शेगांवीं गेलों होतों. त्यांनीं मला आपलें उरलेलें शेत दाखविलें. वेचणी संपत आली होती. बांधापलीकडे, पूर्वीं त्यांच्याच मालकीच्या असलेल्या चार एकरांत कापूस नव्हता. मुरमाचा रस्ता टाकलेला आणि चुन्याचे दगड ओळीनें पुरलेले होते. ती जमीन अकृषक झाली असून तिचे भूखंड पाडून विकावयास काढले आहेत, असें त्यांनीं सांगितलें. “गिऱ्हाईक आहे का?” असें मीं विचारलें. ते म्हणाले, “सध्यां आहे.”